सही करण्यापूर्वी: घर, प्लॉट आणि प्रकल्पाच्या कर्जातले शब्द

समृद्धी महामार्गावरून आता आपल्या बुलडाणा जिल्ह्यात मेहकर आणि सिंदखेड राजा इथे उतरता येते. खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव ही शहरे कडेकडेने वाढत आहेत. शेतांचे ले-आउट पडत आहेत आणि जिथे बैठी घरे होती तिथे तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. या सगळ्यामागे कर्ज असते. प्लॉट घेणारा कर्ज काढतो, इमारत बांधणारा काढतो आणि रस्ता बांधणारे सरकारी महामंडळसुद्धा काढते. कर्जाचे कागद मात्र बहुतेक लोक न वाचता सही करतात, कारण त्यातले शब्द अनोळखी असतात.

हे शब्द समजून घेणे वाटते तितके अवघड नाही. कोणताही शब्द समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. पैसा कोणाचा आहे? तारण कोणाचे आहे? आणि व्यवहार फसला तर आधी कोणाचे बुडणार? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की शब्द समजला, असे खुशाल धरावे.

जमिनीवरचा बोजा

सुरुवात जमिनीपासून करू. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. मालकाने बँकेकडून किंवा सेवा सहकारी सोसायटीकडून जमीन तारण ठेवून कर्ज घेतले असेल तर त्याची नोंद इथे येते. यालाच बोजा म्हणतात. बोजा असलेली जमीन तुम्ही विकत घेतली, तर नाव तुमचे लागेल, पण कर्ज देणाऱ्याचा त्या जमिनीवरचा हक्क तसाच राहील. म्हणून इसार देण्यापूर्वी ताजा सातबारा आणि त्यावरचे फेरफार काढून वाचा. शहरातली मिळकत असेल तर आखीव पत्रिका बघा.

सगळे तारण सातबाऱ्यावर दिसतेच असे नाही. मूळ खरेदीखत बँकेकडे ठेवून कर्ज घेण्याची पद्धत रूढ आहे. अशा तारणाची सूचना महाराष्ट्रात दुय्यम निबंधक कार्यालयात द्यावी लागते, तिला ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ म्हणतात. याशिवाय ‘सरसाई’ नावाची केंद्रीय नोंदवही आहे. कोणत्या मिळकतीवर कोणत्या संस्थेचे तारण आहे हे तिथे नाममात्र शुल्क भरून कोणालाही शोधता येते. सातबारा, दुय्यम निबंधकांकडचा सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांचा उतारा) आणि सरसाई या तिन्ही ठिकाणी बघितल्याशिवाय मिळकत मोकळी आहे असे समजू नका.

‘सर्च रिपोर्ट’ म्हणजे वकिलाने साधारण तीस वर्षांचे व्यवहार तपासून दिलेला अहवाल. बँक आपल्या वकिलाकडून तो करून घेते, पण ती तपासणी बँकेचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून असते. तुमच्या वतीने तपासणारा वकील वेगळा लावा. इथे केलेला खर्च पुढचा कितीतरी मोठा खर्च वाचवतो.

आणखी दोन शब्द आपल्याकडे फार महत्त्वाचे आहेत. पहिला ‘एनए’, म्हणजे जमिनीचा अकृषिक वापर. रीतसर अकृषिक वापर आणि मंजूर ले-आउट नसेल तर बँका सहसा प्लॉटला कर्ज देत नाहीत. विकणारा “कर्ज मिळणार नाही, रोखच द्या” म्हणत असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरा शब्द ‘भोगवटादार वर्ग २’. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे तिच्यावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाला कर्ज मिळणेही अवघड जाते.

प्रकल्पात पैसा कोणाचा

कोणत्याही प्रकल्पात पैसा दोन प्रकारचा असतो. मालकाने स्वतःचा घातलेला पैसा म्हणजे भांडवल, त्याला इक्विटी म्हणतात. उसना आणलेला पैसा म्हणजे कर्ज. प्रकल्प बुडाला तर आधी मालकाचे भांडवल बुडते आणि विक्रीतून जे हाती येईल त्यातून पहिल्यांदा तारण असलेल्या कर्जदात्याचे भागते. म्हणून बँक नेहमी विचारते, तुमचे स्वतःचे किती? मालकाचा पैसा जितका जास्त अडकलेला, तितकी त्याने काम अर्धवट सोडून जाण्याची भीती कमी.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण आपल्या दारातच आहे. सुमारे ५५ हजार कोटी रुपये खर्चाच्या या ७०१ किलोमीटर रस्त्यासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने ‘नागपूर मुंबई सुपर कम्युनिकेशन एक्सप्रेसवे लिमिटेड’ ही स्वतंत्र कंपनी काढली. एकाच कामासाठी काढलेल्या अशा कंपनीला ‘एसपीव्ही’ म्हणतात. तिचा हिशेब वेगळा, कर्ज वेगळे आणि मिळकतही वेगळी. शासन आणि शासनाच्या काही महामंडळांनी भांडवल घातले, आणि उरलेल्या पैशाचा मोठा भाग बँका व वित्तसंस्थांच्या समूहाने कर्जरूपाने दिला. एवढा बोजा एका बँकेला झेपत नाही, म्हणून अनेक बँका एकत्र येऊन वाटा उचलतात. या समूहाला ‘कन्सॉर्टियम’ म्हणतात. कर्जाची फेड टोलच्या उत्पन्नातून होणे अपेक्षित असते. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला. सगळा रस्ता होण्याची वाट न पाहता टप्पे खुले केले की पुढचा रस्ता बनत असतानाच मागच्यावर उत्पन्न सुरू होते.

‘फायनान्शियल क्लोजर’ हा शब्द अशा प्रकल्पांच्या बातम्यांत येतो. प्रकल्पाला लागणारा सगळा पैसा कुठून येणार हे करारांनी पक्के झाले, असा त्याचा अर्थ. भूमिपूजन झाले म्हणजे पैसा उभा राहिला असे होत नाही. नव्या प्रकल्पाची पाटी पाहून आजूबाजूला प्लॉट घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आता लहान उदाहरण घेऊ. समजा खामगावात बारा सदनिकांची इमारत उभी राहते आहे आणि खर्च तीन कोटी रुपये आहे. बांधणाऱ्याचे स्वतःचे ९० लाख, बँकेचे कर्ज १ कोटी २० लाख आणि सदनिका घेणाऱ्यांनी आगाऊ भरलेले ९० लाख. इथे कर्जाचे भांडवलाशी प्रमाण १.३३ झाले. आणि नीट बघितले तर दिसेल की ग्राहकांनी बांधणाऱ्याइतकाच पैसा घातला आहे. बँकेकडे तारण आहे. ग्राहकाच्या हातात फक्त करार आहे. म्हणून तो करार नोंदणीकृत असणे ही सगळ्यात मोठी गरज आहे.

बांधकाम कर्जाची भाषा

व्यापारी बँका खासगी बिल्डरला केवळ जमीन विकत घेण्यासाठी कर्ज देत नाहीत, रिझर्व्ह बँकेची तशी मनाई आहे. जमीन हा बिल्डरचा स्वतःचा वाटा असावा अशी अपेक्षा असते. कर्ज मिळते ते बांधकामासाठी आणि तेही एकरकमी मिळत नाही. पाया झाला, स्लॅब पडला, वीटकाम झाले, असे काम पुढे सरकेल तसे हप्ते सुटतात. याला टप्प्याने वितरण म्हणतात. प्रत्येक टप्प्याला अभियंता किंवा वास्तुविशारद पाहणी करून दाखला देतो.

‘मोरॅटोरियम’ म्हणजे फेड सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत. या काळात मुद्दल द्यावे लागत नाही, पण व्याज चालूच असते. ते दरमहा भरायचे की मुद्दलात मिळवायचे हे करारात लिहिलेले असते, तिथे बोट ठेवून विचारा.

‘डीएससीआर’ म्हणजे कर्जफेडीची ताकद मोजणारे प्रमाण. वर्षाला हाती उरणारी रक्कम भागिले वर्षभरात द्यायचे मुद्दल आणि व्याज. मलकापूरला गोदाम बांधले, खर्च वजा जाता वर्षाला १२ लाख उरतात आणि बँकेचे देणे १० लाख आहे, तर प्रमाण १.२ आले. ते एकच्या खाली गेले म्हणजे घरातून पैसे घालून हप्ते भरण्याची वेळ आली.

‘ब्रिज लोन’ म्हणजे मोठे कर्ज किंवा विक्रीचे पैसे येईपर्यंतची अल्पमुदतीची सोय. ‘मेझानाइन’ म्हणजे मुख्य कर्जाच्या मागे रांगेत उभे राहणारे कर्ज. फेड होताना त्याचा नंबर नंतर लागतो, म्हणून त्याचे व्याज जास्त असते. ‘लीज रेंटल डिस्काउंटिंग’ म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या भरवशावर घेतलेले कर्ज. गोदाम किंवा दुकानगाळे चांगल्या भाडेकरूला दीर्घ कराराने दिले असतील तर हे मिळू शकते.

‘वैयक्तिक हमी’ या दोन शब्दांपाशी मात्र थांबा. व्यवसायाच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात, तर कर्जदाराने पैसे बुडवल्यावर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. भाऊबंदकी, मैत्री, गावकी यांच्या भिडेने जामिनावर सही करणारी कितीतरी कुटुंबे नंतर वर्षानुवर्षे हप्ते फेडत बसली आहेत. जामिनाची सही म्हणजे कर्जाचीच सही आहे.

रिझर्व्ह बँकेचे प्रकल्प कर्जांचे नवे निर्देश १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले आहेत. बांधकाम सुरू असताना व्यावसायिक बांधकामाच्या कर्जावर १.२५ टक्के आणि निवासी प्रकल्पाच्या कर्जावर १ टक्का रक्कम बँकेला संभाव्य नुकसानीसाठी बाजूला ठेवावी लागते. प्रकल्प ठरल्या तारखेपेक्षा लांबला तर ही तरतूद वाढते. त्यामुळे परवानग्या अपुऱ्या असतील तर बँक आता अधिक कडक प्रश्न विचारते. छोट्या बिल्डरने अर्ज करण्यापूर्वीच सगळ्या मंजुऱ्या हाती ठेवाव्यात.

महारेरा आणि ७० टक्क्यांचे खाते

स्थावर संपदा कायदा २०१६ सालचा आहे आणि त्याखालचे राज्यातले नियामक प्राधिकरण, महारेरा, २०१७ पासून काम करते आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. त्याहून मोठ्या प्रकल्पांना, प्लॉटच्या ले-आउटलाही, नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही.

या कायद्यातला ग्राहकाच्या सर्वात कामाचा शब्द म्हणजे ‘स्वतंत्र खाते’. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या बांधकामासाठी व जमिनीच्या खर्चासाठी वापरता येतात. पैसे काढताना अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांचे दाखले लागतात. चिखलीच्या इमारतीसाठी घेतलेला पैसा दुसरीकडच्या प्लॉटमध्ये घालता येत नाही. जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती बंधनकारक केली आहेत. तुम्ही धनादेश द्याल तो त्यांतल्या संकलन खात्याच्या, म्हणजे ग्राहकांचे पैसे जमा होतात त्या खात्याच्या, नावानेच द्या. बिल्डरच्या वैयक्तिक खात्यात किंवा रोखीने दिलेल्या पैशाला हे संरक्षण राहत नाही.

नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. करार झाल्यावर बिल्डरने ती सदनिका गहाण ठेवली तरी ग्राहकाच्या हक्काला बाधा येत नाही. प्रकल्पावर आधीच कर्ज असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेचा त्या सदनिकेपुरता ‘ना हरकत दाखला’ मागून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की कर्ज, मंजुऱ्या आणि पूर्ण होण्याची तारीख दिसते. ताबा लांबला तर ग्राहकाला पैसे परत किंवा व्याज मागण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा (बँकेच्या निधी-खर्चावर ठरणाऱ्या कर्जदरापेक्षा) दोन टक्के अधिक असते.

गृहकर्जाचे शब्द

‘एलटीव्ही’ म्हणजे घराच्या किमतीपैकी किती टक्के कर्ज मिळेल. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के कर्ज देता येते. उरलेला तुमचा वाटा म्हणजे ‘मार्जिन’. २५ लाखांच्या सदनिकेला जास्तीत जास्त साडेबावीस लाख कर्ज मिळू शकते, म्हणजे अडीच लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा या किमतीत धरत नाहीत. त्याचे दीड लाख किंवा त्याहून अधिक वेगळे लागतील, हे आधीच बाजूला काढून ठेवा.

व्यापारी बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाशी, बहुतेक वेळा ‘रेपो’ दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे उसने देते त्याच्याशी) जोडलेली असतात. रेपोवर बँक स्वतःची वाढ लावते, तिला ‘स्प्रेड’ म्हणतात. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. तुमच्या कर्जाचा दर त्या प्रमाणात उतरला का, हे बँकेत जाऊन विचारा. सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांना रेपोशी जोडण्याचे बंधन नाही, तिथे दर कशावर ठरतो हे लेखी घ्या.

२० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. एकूण फेड ४१ लाख ६५ हजारांच्या आसपास होते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त झाले. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, म्हणून सोयाबीन किंवा कापसाचे पैसे आले की लवकरच्या वर्षांत थोडे मुद्दल फेडणे फार फायद्याचे ठरते. स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

बांधकाम चालू असताना फक्त सुटलेल्या रकमेवर व्याज भरावे लागते, ते ‘प्री-ईएमआय’. १० लाख सुटले असतील तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ७,०८३ रुपये. यातून मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही, आणि इमारत रखडली तर घरभाडे आणि हे व्याज दोन्ही भरत राहावे लागते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी, सहकारी बँकांनी आणि वित्तकंपन्यांनी वैयक्तिक कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. त्यात व्याज आणि सगळी शुल्के मिळून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन ठिकाणची कर्जे तोलायची असतील तर हाच आकडा शेजारी शेजारी ठेवा. कागद मराठीत मागा, कर्जदाराला समजेल त्या भाषेत तो द्यायचा असतो.

हप्ते थकले तर

९० दिवसांपेक्षा जास्त काळ थकबाकी राहिली की कर्ज ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक, होते. त्यानंतर बँक सरफेसी कायदा २००२ नुसार ६० दिवसांची नोटीस देऊ शकते, आणि पुढे मिळकतीचा ताबा व लिलाव. नोटीस आली की घाबरून कपाटात ठेवू नका. लेखी उत्तर द्या, बँकेशी बोला आणि वकिलाला भेटा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. आपल्यासाठी ते नागपूरला आहे. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू होत नाही, हे शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र इतर कायद्यांनी वसुली होऊ शकते. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला.

पतसंस्थांचे वेगळे आहे. त्यांच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. राज्यात नोंदलेल्या पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेऊन वसुली करतात. बुलडाणा अर्बनसारख्या मोठ्या पतसंस्थेपासून गावातल्या छोट्या संस्थेपर्यंत आपल्या जिल्ह्यात या क्षेत्राचा विस्तार मोठा आहे आणि त्याने अनेकांना वेळेला पैसा दिला आहे. पण घराच्या मार्जिनसाठी साठवलेली रक्कम कुठे ठेवता याचा विचार करा. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा या विम्याची किंमत जिल्ह्याला कळली. आणि संस्था बंद पडली तरी तुमचे कर्ज माफ होत नाही, अवसायक ते वसूल करतोच.

फेड झाल्यावर

शेवटचा हप्ता भरल्यावरही काम उरते. सगळी फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. ‘बेबाकी दाखला’ घ्या, सरसाईतली नोंद काढायला लावा आणि सातबाऱ्यावरचा बोजा कमी झाल्याचा फेरफार स्वतः जाऊन बघा. हा बोजा उतरवायचा राहून गेला तर वीस वर्षांनी मुलांना जमीन विकताना अडचण येते.

सहीपूर्वीची यादी

- ताजा सातबारा किंवा आखीव पत्रिका, सूची २ आणि सरसाई तपासली का?
- जमीन अकृषिक आहे का, ले-आउट मंजूर आहे का?
- महारेरा क्रमांक खरा आहे का, प्रकल्पावर कोणाचे कर्ज आहे?
- पैसे प्रकल्पाच्या संकलन खात्यातच जात आहेत का?
- मुख्य तथ्य विवरण हातात आहे का, वर्षाचा खरा दर किती?
- कोणाच्या कर्जाला जामीन राहिलात का?

यातल्या एखाद्या जरी प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळाले नसेल, तर त्या दिवशी सही करू नका. चांगला बिल्डर आणि चांगली बँक दोन दिवस थांबायला तयार असतात. जो थांबू देत नाही, त्याच्याशी व्यवहारच करू नका.